मध्ये बसायला कुणीतरी

माझ्या आईवडिलांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. हे कुणापुढे बोलले की समोरच्याचा चेहरा पडतो, "अरेरे" होतं, एका बाईंनी तर माझा हातच हातात घेतला. मला राग येतो. तसा माझा राग नाकावरच असतो, पण ह्याचा जरा जास्तच येतो. अहो, भांडण नव्हतं त्यांचं! भांडायलासुद्धा बोलावं लागतं. त्यांचं अगदी छान चाललं होतं. फक्त ते एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत.

म्हणजे कसं, सांगते. आमचं घर भाज्याला, मळवली स्टेशनाहून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. दादा, म्हणजे माझे वडील, शेतावरून आले की ओट्यावर टेकत आणि घरात न बघता म्हणत, "तुज्या आईला सांग, पानी दे म्हनावं." आई आत चुलीपाशी, चार पावलांवर. तिला ऐकू गेलेलं असे. तांब्या भरता भरता ती म्हणे, "सांग त्यांला, आदी पाय धुवा म्हनावं. चिखूल घिऊन आल्यात घरात." हे दादांनाही ऐकू गेलेलं असे. ते निमूट उठून पाय धूत. मी मध्ये उंबऱ्यावर बसून चिंचोके खेळत असे. मला एक शब्दही इकडून तिकडे न्यावा लागत नसे. मी नुसती तिथं असावी लागे.

आई लग्न होऊन आली तेव्हा घरात माणूस मावत नव्हतं. सासूसासरे, चुलत सासरे, दीर. मोठ्यांसमोर नवराबायकोने बोलायचं नाही, ही रीत. मग हाताशी असेल त्या पोराला मध्ये घालून बोलायचं. पुढे मोठी माणसं एकेक करून गेली, दीर वेगळे झाले, घरात आम्ही तिघंच उरलो, आता बोला की बिनधास्त! पण नाही. रीत मोडली नाही ती नाहीच. बरं, त्यांना त्यात काही अडतही नव्हतं.

कारण जे माझ्यामार्फत सांगता येत नसे, ते सांगायची त्यांची दुसरी सोय होती. आई भांड्यांतून बोले. परात अलगद ठेवली तर सगळं ठीक, ताट आपटलं तर दादांनी आज काहीतरी केलेलं आहे, आणि घासलेली भांडी परत घासायला काढली तर दादांनी बाहेर ओट्यावरच बसलेलं बरं. दादा ओट्यावरच बसत. त्यांचं बोलणं वेगळं. उन्हाळ्यात ते विसापूर किल्ल्याच्या अंगाला वर चढून जात आणि पळसाच्या द्रोणात करवंदं आणून उंबऱ्यावर ठेवत. वर मला म्हणत, "सांग तिला, वाटेत व्हती." कुठली वाटेत! जाळी पार वर डोंगरात, उतरताना दंडावर ओरखडे उठलेले. आई एक करवंद तोंडात टाके. "सांग त्यांला, आंबाट हायेत." आणि मग अख्खा द्रोण एकटी संपवे. मला दोनचार मिळाली तर मिळाली.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी साडीचोळीच्या काळजीत होत्या आणि मी वेगळ्याच. ह्या दोघांच्या मध्ये आता कोण बसणार? सासर काही लांब नव्हतं. मळवलीहून लोणावळा एकच स्टेशन. पण रोज पाण्याच्या तांब्यासाठी कोण गाडी पकडून जाणार?

पहिल्या दिवाळीला आम्ही जोडीने भाज्याला गेलो. नवरा ओट्यावर बसला, दादा गोठ्यात होते. गोठ्यातून आवाज आला, "म्हशे, पाव्हनं आल्यात. च्या ठिवा म्हनावं." आतून आईचं उत्तर, "म्हशे, कवाच ठिवलाय म्हनावं. साकर कमी हाय, आना म्हनावं." दादा पिशवी घेऊन निघालेसुद्धा. माझा नवरा शहरी वळणाचा माणूस. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुमची म्हैस चहासुद्धा बघते?" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पण खरं सांगू का, माझा जीव भांड्यात पडला. माझी जागा भरली होती.

पुढे दादांचे गुडघे गेले आणि म्हैस विकावी लागली. कामशेतच्या बाजूचा एक ओळखीचा माणूस येऊन घेऊन गेला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात मिठापुरतंही कुणी बोललं नसेल. आणि मग एक दिवस माझा फोन वाजला.

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिसेप्शनला आहे. दिवसभर माझं तोंड चालू. वेलकम सर, ब्रेकफास्ट साडेदहापर्यंत मॅडम, धुकं आमच्या हातात नाही सर. हसायचा पगार मिळतो म्हणा ना. समोर एक कुटुंब ओल्या बॅगा घेऊन उभं आणि फोनवर दादा. "तुज्या आईला सांग, च्या गार झालाय."

"कुठंय आई?"

"हितंच हाय की. म्होरं."

"अहो दादा, मग तुम्हीच सांगा ना!"

मी आणखी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला, "सांग त्यांला, येळंवर पेत न्हाईत म्हनून गार झालाय." फोन स्पीकरवर होता. दादा म्हणाले, "बरं, ठिवतो," आणि ठेवला. हे रोजचं झालं. मी चिडायचे, ओरडायचे, "मी काय तुमची म्हैस आहे का?" असंही एकदा म्हणाले. त्यावर दोघंही हसली, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. आणि एखाद्या दिवशी फोन आला नाही की संध्याकाळी माझाच जीव खालीवर व्हायचा.

गेल्या पावसाळ्यात, भाताच्या रोपांची आवणी नुकतीच उरकली होती, असाच भर सकाळी फोन आला. समोर गर्दी. दादा म्हणाले, "तुज्या आईला सांग, उठ म्हनावं."

"दादा, नंतर करा हो, चेक-इन चाललंय."

"न्हाई, आत्ता सांग. पडलीया ती. उठंना. तू सांग, तुजं ऐकंल."

मी तिथूनच किंचाळले, "दादा, शेजारी हाक मारा! काकूंना बोलवा, गाडी काढायला सांगा!" सगळं रिसेप्शन माझ्याकडे बघत होतं. माणूस पडलंय आणि हा गृहस्थ फोन लावतोय मला, मध्ये मी लागते म्हणून! मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्हीपैकी आधी काय करावं कळेना. दादांनी फोन तिच्या कानाशी धरला असावा, तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "आई, दादा म्हणतायत, ऊठ." जन्मभरात पहिल्यांदाच मी खरोखरीचा निरोप पोचवला होता, आणि पलीकडून उत्तर आलं नाही.

शेजारच्या काकांनी गाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. आई वाचली. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, त्यात हळूहळू जीव येईल, डॉक्टर म्हणाले. पण बोलणं गेलं. सगळं समजत होतं तिला, नजर तीच होती, माझी विस्कटलेली वेणी बघून कपाळाला आठी घातली तीही तीच. शब्द मात्र येत नव्हता. तोंड उघडायची आणि "बा... बा..." एवढंच. आणि उजवा हात उचलत नाही म्हटल्यावर भांडीही गेली. तिच्या दोन्ही बोल्या एकदमच गेल्या.

बोलणं परत शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, माझ्याहून लहान, फार गोड. त्यांनी मला बाहेर नेऊन नीट समजावलं. सुरुवातीच्या काही महिन्यांतच जे परतायचं ते जास्त परततं. तोवर तिने प्रयत्न सोडला तर ती अशीच राहील. तिच्याशी सतत बोला, समोर बसून, डोळ्यांत बघून, आणि उत्तराची वाट बघा. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "माणूस जन्मभर जे रोज बोलतं ते बहुतेक आधी परत येतं. देवाचं नाव, आकडे, आरती, अगदी शिव्यासुद्धा. घरी त्यांच्यासोबत कोण असतं?"

"वडील."

"मग उत्तमच! त्यांनी बोलायचं."

मी हसले. मॅडमना वाटलं असेल ही बाई वेडी आहे.

दादांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, टोपी नीट केली, आईच्या कॉटसमोर स्टूल ओढून बसले. खाकरले. आई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पुन्हा खाकरून घेतलं, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि मग मान वळवून मला म्हणाले, "सांग तिला, पानी पी म्हनावं."

डोकं फिरलं माझं. "दादा, ती समोर बसलीय! कुणासाठी लाजताय आता? कोण उरलंय बघायला? तिचं बोलणं जाईल कायमचं, कळतंय का तुम्हाला?" अख्ख्या वॉर्डने ऐकलं असेल. दादा उठून बाहेर गेले. आणि आईने डावा हात कॉटच्या लोखंडी दांड्यावर जोरात आपटला. बांगडी वाजली. तो राग दादांवर नव्हता, माझ्यावर होता. आमच्या घरात ताट आपटल्याचा अर्थ कुणी मला शिकवायला नको.

आईला घरी आणलं. मी रजा टाकून भाज्यालाच राहिले. सकाळ-संध्याकाळ आमची शाळा भरे. मी देवाचं नाव घेतलं, तिने "बा" म्हटलं. आकडे म्हणून पाहिले, गणपतीची आरती झाली, टाळ्या वाजवून झाल्या. शेवटी, काय करणार, मी माझ्या माहितीतल्या दोन शिव्याही दिल्या. त्यावर आईने अशी नजर टाकली की त्यातलीच एक मी मनात स्वतःला दिली. मॅडमनी दिलेली चित्रं होती, घर, गाय, केळं. केळ्याचं चित्र बघून आई माझ्याकडे असं बघे, की मला काय येडी समजलीस का.

मग ती कंटाळली. नुसती कंटाळली असती तरी चाललं असतं, ती लाजली. शेजारणी भेटायला आल्या की डाव्या हाताने पदर ओढून तोंडावर धरायची. तिच्या तोंडून "बा... बा..." निघताना एका लहान मुलीला हसू आलं, त्या दिवसापासून तिने तोंड उघडणंच बंद केलं. भिंतीकडे वळून पडून राहायची. मी बोलत राहायचे, भिंत ऐकायची. मला मॅडमचं वाक्य आठवायचं आणि मी कॅलेंडरवर दिवस मोजत बसायचे. माझी आई दुखून दुखून नाही, गप्प राहून राहून माझ्या हातातून निसटत होती.

दादांनी घर हातात घेतलं होतं. जन्मात कधी चूल फुंकली नव्हती ह्या माणसाने, आता गॅसपुढे उभं राहून चहा करत. कप नेऊन बरोबर आईच्या डाव्या हाताशी ठेवत. तिची चादर झटकत, तिचे केस विंचरायलाही मला सांगत नसत, स्वतः बसत फणी घेऊन, भांग वाकडा काढत. सगळं करत, बोलत मात्र नसत. आणि मी ठरवलं होतं की आता आपण मध्ये बसायचं नाही म्हणजे नाही. दोघं एकत्र असली की मी उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसे. बोला म्हटलं, मी नाहीच. गोठ्यात बसून कान देऊन ऐके. रस्त्यावर धबधब्याला निघालेल्यांचे हॉर्न ऐकू येत, पत्र्यावर पाऊस ऐकू येई. घरातून चमचा वाजल्याचा आवाज. एकदा फक्त दादांचं "ए..." ऐकू आलं, पुढे काही नाही.

थोड्या वेळाने ते गोठ्यात आले. दावणीला टेकून उभे राहिले, जिथे म्हैस असायची तिथे.

"मला न्हाई जमत गं," म्हणाले. "लय येतं मनात. तोंडापतूर येतं अन् थांबतं." मग दावणीवर हात फिरवत म्हणाले, "आता तिचंबी तसंच झालंय. आमी दोगं सारकीच."

मी त्यांच्यावर इतके दिवस धुसफुसत होते, आणि हा माणूस मला सांगत होता की हा आजार त्याला आधीपासूनच आहे. मी उठून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्यांच्या सदऱ्याला चहाचा आणि आईला लावायच्या पावडरचा वास येत होता. दोघंही भिजलो, गोठ्याचा पत्रा गळत होता.

रजा संपली. दुसऱ्या दिवशी मला लोणावळ्याला परतायचं होतं, शनिवार-रविवारची गर्दी, सुट्टी वाढवून मिळेना. त्या दुपारी दादांनी स्वयंपाक केला. मला हात लावू दिला नाही. आपल्याच शेतातला इंद्रायणी तांदूळ, आधीच चिकट, त्यात दादांनी पाणी घातलं विहिरीएवढं. मी बाहेर जायला निघाले होते, नियमाप्रमाणे. पण पाऊस असा आडवा कोसळत होता की गोठ्यापर्यंत पोचता आलं नसतं. म्हणून उंबऱ्यावरच बसले, लसणाची टोपली मांडीवर घेऊन, पाठ अर्धी आत, अर्धी बाहेर. लहानपणी बसायचे तिथेच.

दादांनी आईला उशीला टेकवून बसवलं. भात आमटीत कालवून चमच्याने भरवला. ती गुमान खात होती, नजर खाली. तिचं झालं, तिचं तोंड पुसलं. मग आपलं ताट पुढ्यात घेऊन ते नुसतेच बसून राहिले. स्वतःसाठी वाढून घेतलं नव्हतं. गेले काही दिवस ते नीट जेवत नव्हते हे मला माहीत होतं, पण आईलाही माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

आईने त्यांच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वळवून, सावकाश, उंबऱ्याकडे, माझ्याकडे पाहिलं.

तिचे ओठ हलले. मला वाटलं, झालं, "बा". पण तिने ओठ मिटले, पुन्हा उघडले. मानेची शीर ताणली गेली.

"सां..." म्हणाली. "सां... ग."

माझ्या हातातून लसूण पडला.

"सांग... त्यांला," आई म्हणाली. डावा हात गुडघ्यावर घट्ट धरला होता तिने. "जे... वा."

आम्ही आरत्या म्हटल्या होत्या, आकडे म्हटले होते. अगं बाई, जन्मभर रोज, दिवसातून किती वेळा म्हटलेलं तिचं वाक्य कुठलं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! आणि ते वाक्य बाहेर यायला उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं लागत होतं. आणि मी शहाणी, गोठ्यात जाऊन बसत होते.

दादांनी ऐकलं होतं, टोपी काढून त्यांनी ती मांडीवर ठेवली. पण ते माझ्याकडेच बघत राहिले, वाट बघत. आई माझ्याकडे बघत होती. दोघंही. कधी नव्हे ती दोघंही थांबली होती, माझ्यासाठी.

"दादा," मी म्हणाले. माझाच आवाज फुटला, मी पुन्हा म्हणाले, "दादा, आई म्हणतेय, जेवा."

दादांनी पातेलं ओढलं, भात वाढून घेतला. पहिला घास तोंडात घातला, चावला, डोळे पुसले.

"तिला सांग," ते म्हणाले, "भाताचा पार गिचगोळा झालाय. पन जेवतोय म्हनावं."